पुस्तकाचं नंतर बघू, आधी तिला डॉक्टरांकडे न्या

पत्र (संक्षिप्त करून)

माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे, यंदा दहावीला. आम्ही जुळे सोलापूरला राहतो. महिन्यापूर्वी तिच्या दप्तरात एक इंग्रजी कादंबरी सापडली. न जेवता स्वतःला वाळवत नेणाऱ्या एका शाळकरी मुलीची गोष्ट. पानोपानी पेन्सिलीच्या खुणा होत्या. आईनं "जेवलीस का?" विचारल्यावर ती मुलगी ज्या थापा मारते, त्या ओळींखाली तर दोन-दोन रेघा. मी पुस्तक काढून घेतलं आणि कपाटात कुलपात ठेवलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. मुलांसाठी असलं लिहितातच कसं? या पुस्तकानंच तिच्या डोक्यात हे भरवलं का?

तिचं जेवण कमी झालंय हे खरं. सोमवार, गुरुवार, संकष्टी असे उपास धरते, सासूबाईंना त्याचं फार कौतुक. संक्रांतीला गड्ड्यावर, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत, आली, पण काही खाल्लं नाही, पाळण्यातही बसली नाही. भर दुपारी अंगात स्वेटर असतो. पाळी दिवाळीपासून आलेली नाही, पण ते अभ्यासाच्या टेन्शननं असेल. तशी तिला स्वयंपाकाची आवड आहे, सगळ्यांना करून घालते, म्हणून मला वाटतं आजार वगैरे काही नसावा. हे म्हणतात, बोर्डाची परीक्षा होऊ दे, मग बघू. पुस्तक टाकून देऊ की परत देऊ? आणि त्याऐवजी कुठली चांगली पुस्तकं द्यावीत?

– एक आई

उत्तर

ताई,

तुमच्या पत्रातला बहुतेक मजकूर पुस्तकाबद्दल आहे. पाळीबद्दल एकच ओळ आहे, आणि तिच्यापुढे लगेच "पण" आहे. मी त्या ओळीवर थांबले. पुस्तकाबद्दल मला खूप बोलायचं आहे आणि बोलणारही आहे, पण त्याआधी एक काम करा. या आठवड्यात मुलीला डॉक्टरांकडे घेऊन जा. परीक्षेनंतर नको, या आठवड्यातच.

शरीराला पुरेसं अन्न मिळेनासं झालं की ज्या कामांवाचून जगता येतं ती कामं ते आधी बंद करतं. पाळी थांबते. हातपाय गार पडतात, म्हणून सोलापूरच्या दुपारीही स्वेटर लागतो. केस गळतात, अंगावर बारीक लव येते, उभं राहिल्यावर अंधारी येते, नाडी मंदावते. पाळी न येण्यामागे थायरॉइडसारखी दुसरी कारणंही असू शकतात, ती डॉक्टर तपासतील. पण पाळी, स्वेटर, उपास आणि गड्ड्यावर न उघडलेलं तोंड, हे सगळं एका ओळीत ठेवल्यावर मला अ‍ॅनोरेक्सियाची दाट शंका येते, म्हणजे जाड होण्याच्या भीतीनं स्वतःला उपाशी ठेवायला लावणाऱ्या आजाराची. मानसिक आजारांमध्ये सर्वाधिक जीव घेणाऱ्या आजारांत याची गणना होते. तुम्हाला घाबरवायचं नाही, पण "वय आहे, होईल नीट" असं म्हणत थांबायची ही वेळ नाही हे तुमच्या यजमानांनाही कळायला हवं.

बालरोगतज्ज्ञ किंवा फिजिशियनपासून सुरुवात करा. झोपवून आणि मग उभं करून नाडी व रक्तदाब बघायला सांगा. ईसीजी, हिमोग्लोबिन, साखर आणि रक्तातले क्षार, विशेषतः पोटॅशियम आणि फॉस्फरस, यांचं विचारा. रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून घरी येऊन निश्चिंत बसू नका, या आजारात रक्ताचे रिपोर्ट बराच काळ नॉर्मल येऊ शकतात. कुणी टॉनिकची बाटली लिहून "मुली डाएट करतातच" म्हणालं, तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा. पुढे मानसोपचारतज्ज्ञ लागतील. खासगी परवडत नसेल तर आपल्या सिव्हिलमध्ये, म्हणजे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, मानसोपचार विभाग आहे. आज रात्रीच कुणाशी बोलावंसं वाटलं तर १४४१६ हा सरकारच्या टेलिमानसचा क्रमांक आहे. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. ती चक्कर येऊन पडली, छातीत दुखतंय म्हणाली, जेवणानंतर उलट्या काढताना दिसली किंवा मरणाचं काही बोलली, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता तुमचं ते वाक्य, की सगळ्यांना करून घालते म्हणजे आजारी नसावी. उलट आहे, ताई. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ साली, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञानं ३६ धडधाकट तरुणांना त्यांच्या संमतीनं सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. उपासमारीनं खंगलेल्या युरोपातल्या लोकांना पुन्हा खाऊपिऊ कसं घालायचं हे शोधायचं होतं. त्या तरुणांपैकी कुणालाही खाण्याचा आजार नव्हता. तरी काही आठवड्यांत ते दिवसरात्र जेवणाबद्दल बोलायला लागले, पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले, एकेक जेवण तासन्‌तास चघळत बसले. चिडचिडे झाले, मित्रांपासून तुटले, सतत थंडी वाजायला लागली. म्हणजे तुमची मुलगी भावाला केक करून देते, आजीला शेंगापोळी करून घालते आणि स्वतः पाणी पिऊन उठते, त्यामागे स्वयंपाकाची आवड असेलही, पण भूक नक्की आहे. भुकेलं डोकं अन्नाशिवाय दुसरा विचार करू शकत नाही. तिचं तुमच्याशी न बोलणंसुद्धा सगळंच्या सगळं पुस्तकामुळे आहे असं धरू नका.

तर मग पुस्तकानं हे भरवलं का? नाही. हा आजार अशा कादंबऱ्यांच्या कितीतरी आधीचा आहे. १८७३ च्या सुमारास पॅरिसचे लासेग आणि लंडनचे विल्यम गल या दोन डॉक्टरांनी जवळपास एकाच वेळी अशा मुलींची वर्णनं लिहिली. त्या मुलींच्या हातात किशोर कादंबऱ्या नव्हत्या आणि मोबाइलही नव्हते. आजाराला एकच एक कारण नसतं. काही अंशी तो रक्तातून येतो, काही अंशी स्वभावातून. प्रत्येक गोष्ट अगदी बिनचूक झाली पाहिजे असं वाटणाऱ्या, मनातलं बाहेर न काढणाऱ्या मुली त्याच्या तावडीत लवकर सापडतात. मग एखादं डाएट, वर्गातला एखादा टोमणा, लग्नघरात मावशीनं मारलेलं "जरा सुटलीस गं" एवढं निमित्त पुरतं. मुलंही आजारी पडतात, अंगानं भरलेली मुलंही पडतात, आणि त्यांच्याकडे तर कुणाचं लक्षच जात नाही.

पण पुस्तक अगदी निर्दोष आहे असंही मी म्हणणार नाही. किशोरांसाठी या विषयावर लिहायची सुरुवात बऱ्याच सद्हेतूनं झाली. १९७८ साली आलेली एक गाजलेली कादंबरी तर न्यूयॉर्कमध्ये अशा मुलींवर मानसोपचार करणाऱ्या माणसानंच लिहिली होती. २००९ मध्ये आलेल्या दुसऱ्या एका अमेरिकन कादंबरीत वाचक थेट आजारी मुलीच्या डोक्यात शिरतो. तिच्या मनात आलेले खरे शब्द छापून त्यांवर काट मारलेली आहे, आणि प्रत्येक खाद्यपदार्थापुढे त्याच्या कॅलरी लिहिलेल्या आहेत, कारण त्या मुलीला जग तसंच दिसतं. लेखिकेनं फार ताकदीनं लिहिलंय. अशा वाचनानं काठावरच्या मुलींचं काय होईल, यावर ते पुस्तक आलं तेव्हाच वाद झाला. दोन्ही पुस्तकांची नावं मी मुद्दाम देत नाही, तुमच्या मुलीच्या पुस्तकाचंही छापत नाही. हे सदर तिच्या वयाच्या मुलीही वाचतात.

माझं मत सांगते. अशा कादंबऱ्या लिहिल्या गेल्या पाहिजेत. जेवणाच्या वेळी पोटात गोळा येणाऱ्या मुलीला, आपल्याला जे होतंय त्याला नाव आहे आणि जगात आणखी कुणाला तरी ते झालंय, हे पहिल्यांदा बहुधा पुस्तकातूनच कळतं. आई, शिक्षक, डॉक्टर हे सगळे नंतर येतात. पण त्यात आकडे नसावेत. किती वजन, किती कॅलरी, किती तास उपाशी, यातलं काहीही नसावं. निरोगी वाचक तो आकडा वाचून हळहळतो आणि पान उलटतो. आजारी वाचक तो लक्षात ठेवतो आणि स्वतःशी ताडून बघतो. नायिका दवाखान्यात पोचते, मैत्रीण मरते, ते भयानक प्रसंग लेखकानं सावध करण्यासाठी लिहिलेले असतात. आजारी मुलीला त्यातून एवढंच ऐकू येऊ शकतं की ही माझ्यापेक्षा जास्त आजारी आहे, म्हणजे मी अजून पुरेशी बारीक नाही. लेखकाला हे ठाऊक असायला हवं. लपवाछपवीच्या युक्त्यांचंही तेच. नायिका खोटं बोलते एवढं सांगितलं तरी गोष्ट पुढे जाते, युक्ती पायरीपायरीनं शिकवायची गरज नसते.

दुसरी माझी तक्रार शेवटाबद्दल आहे. अशा कितीतरी गोष्टींत आजार अडीचशे पानं चालतो आणि बरं होणं शेवटच्या दहा पानांत उरकतं. खऱ्या आयुष्यात बरं होणं हाच लांबलचक भाग असतो. महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं, रोज तीन जेवणं आणि मधलं खाणं, रडारड, ताटावरून उठून जाणं, पुन्हा येऊन बसणं. हे कंटाळवाणं आहे म्हणून लेखक टाळतात, आणि वाचणाऱ्या मुलीला वाटतं की उपाशी राहण्यातच काहीतरी नाट्य आहे.

आणि त्या गोष्टी आपल्या घरातल्या नसतात. तिथली मुलगी आपल्या खोलीत दार लावून एकटीच जेवते किंवा जेवत नाही. आपल्याकडे ताटाभोवती चार माणसं असतात, तरी मुलगी उपाशी राहू शकते, कारण उपास म्हटलं की कुणी काही विचारत नाही. उलट शाबासकी मिळते. सोमवार, गुरुवार, संकष्टी, पुढे एकादशी आणि नवरात्र. साबुदाणा तळकट म्हणून नको, मग फक्त दूध, मग फक्त पाणी. शेंगाची चटणी म्हणजे सोलापूरच्या पोराचा जीव, पण ती आधी तेल निथळून खायची आणि मग ताटातच नको. ही गोष्ट मराठीत कुणीतरी कुमारवयीन वाचकांसाठी लिहायला हवी. ज्या मुलीला पूर्व भागातल्या यंत्रमागाच्या घरात, होटगी रोडच्या फ्लॅटमध्ये किंवा तुमच्याकडे हे होतंय, तिला परक्या देशातल्या मुलीच्या आरशात स्वतःला शोधावं लागू नये.

सासूबाईंशी भांडू नका, त्यांना सोबत घ्या. आजारी माणसाला आणि वाढत्या पोराला उपास नाही, हे आपल्या म्हाताऱ्या बायकांना कुणी शिकवावं लागत नाही. त्यांनीच नातीला जवळ बसवून म्हणावं, "तुझे सोमवार आता मी धरते, तू जेव." एकाचा उपास दुसऱ्यानं धरायची रीत आहेच, आणि आजीनं म्हटल्यावर देवाचं कारणही उरत नाही. त्याच वेळी घरातल्या सगळ्यांना, येणाऱ्या-जाणाऱ्या आत्या-काकूंनासुद्धा, एक नियम घाला: या पोरीच्या अंगाबद्दल कुणी काही बोलायचं नाही. "बारीक झालीस, छान दिसतेस" हे नको, आणि बरी व्हायला लागल्यावर "आता कसा चेहरा भरला" हेही नको. तिला ते "जाड झालीस" असंच ऐकू येतं.

जेवण वाढायचं काम तुम्ही आणि तिच्या बाबांनी हातात घ्यायचं. लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात १९८० च्या दशकात एक पद्धत उभी राहिली. त्यात किशोरवयीन मुलाला बरं करण्याची जबाबदारी सुरुवातीला आईवडिलांकडे देतात. काय खायचं, किती खायचं हे ते ठरवतात, तब्येत सुधारली की हळूहळू तो अधिकार मुलाकडे परत जातो. या वयासाठी तिचा चांगला उपयोग होतो असं अभ्यासांतून दिसलंय. पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकदम ताट भरून आग्रह सुरू करू नका. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात अचानक भरपूर अन्न गेलं तर क्षार बिघडून हृदयावर ताण येऊ शकतो, म्हणून वाढवायचं प्रमाण डॉक्टर ठरवतील. तुम्ही शेजारी बसा. दुसऱ्याच विषयावर बोला. गयावया नको, शपथा नकोत, "आमच्यासाठी एक घास" नको. "हे तुझं औषध आहे, आणि ते संपेपर्यंत मी इथंच बसलेय," एवढंच. ती चिडेल, भांडी आपटेल. तुमची समजूतदार मुलगी अशी कशी वागते, असं मनात येईल. ते तिच्या आजाराचं बोलणं आहे असं समजा आणि जागेवरून हलू नका.

आता ते कपाटातलं पुस्तक. टाकून देऊ नका. त्या पेन्सिलीच्या रेघा तिनं स्वतःबद्दल दिलेली माहिती आहे, आणि सध्या तेवढीच तुमच्याकडे आहे. थापांखाली दोन रेघा कोण मारतं? थापा शिकणारी मारेल, आणि स्वतः त्याच थापा मारून थकलेलीही मारेल. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. आणि हेही बघा, की ते पुस्तक तिनं गादीखाली लपवलं नव्हतं. डबा काढायला तुम्ही रोज हात घालता त्या दप्तरात ते होतं.

तुम्ही ते पूर्ण वाचून काढा. इंग्रजी जड गेलं तर वेळ लागू दे. मग तिला सांगा, "तुला न विचारता घेतलं, ते चुकलं. मी वाचलं." लगेच "तूही असंच करतेस का?" विचारू नका, ती नाहीच म्हणेल. त्यापेक्षा विचारा, "या पोरीच्या आईनं काय करायला हवं होतं, असं तुला वाटतं?" आणि गप्प बसा. उत्तर त्या दिवशी येईल किंवा चार दिवसांनी येईल, पण ते पुस्तकातल्या आईबद्दल नसेल. पुस्तक तिच्या हाती परत द्यायचं का, हे मात्र उपचार करणाऱ्यांना विचारा. आकड्यांनी भरलेलं असेल तर ते म्हणतील, सध्या बाजूला ठेवा. तेव्हा कुलूप लावू नका, तिला कारण सांगा आणि कधी परत देणार तेही सांगा. पुस्तकाइतकंच, खरं तर जास्तच, लक्ष तिच्या मोबाइलकडे हवं. पुस्तकाला शेवटचं पान असतं. "मी दिवसभरात काय खाते" सांगणाऱ्या रील्स एकदा बघितल्या की फोन तशाच आणखी दाखवत राहतो. तिच्यासोबत बसून ती खाती अनफॉलो करा.

दुसरी पुस्तकं कुठली, याचं माझं उत्तर तुम्हाला कदाचित आवडणार नाही. सध्या या विषयावरची नकोतच, चांगलीसुद्धा नकोत. तिचं डोकं आधीच अन्नानं भरलेलं आहे. तिला हिराचंद नेमचंद वाचनालयात घेऊन जा आणि तिचं तिला निवडू द्या. रहस्यकथा, प्रवास, विज्ञान, कवितासुद्धा चालतील, फक्त कुणाच्या तरी शरीराभोवती फिरणारं नको. पुढे ती सावरल्यावर तिला स्वतःलाच वाचावंसं वाटेल, तेव्हा आधी तुम्ही चाळा. आकडे आहेत का बघा. उपचार करणारी माणसं गोष्टीत आहेत का, बरं होण्याला किती पानं दिली आहेत, नायिकेला आजाराशिवाय दुसरं काही आयुष्य आहे का, एखादी मैत्रीण, एखादा खेळ, एखादं भांडण. तिचे आईबाप नुसते खलनायक नाहीत ना, हेही बघा, कारण ते पुस्तक तुम्ही दोघी वाचणार आहात.

तिच्या बाबांना सांगा, बोर्ड दर वर्षी असतं आणि पुरवणी परीक्षाही असते. डॉक्टर म्हणाले परीक्षेला बसू दे, तर बसवा. नको म्हणाले तर एक अक्षर न बोलता थांबवा, आणि ते बाबांनी स्वतः तिला सांगावं. तुमच्याकडून आलं तर ती त्याला आईची काळजी म्हणून सोडून देईल. डॉक्टरांकडेही दोघं मिळून जा. जाताना एका कागदावर लिहून न्या: शेवटची पाळी कधी आली, कपडे कधीपासून सैल झाले, चक्कर, बद्धकोष्ठता, झोप, जेवणानंतर लगेच बाथरूममध्ये जाते का, व्यायाम किती करते, कुठले पदार्थ कधी बंद केले. तिच्यासमोर सगळं वाचू नका. कागद डॉक्टरांच्या हातात द्या, आणि तिला डॉक्टरांशी थोडा वेळ एकटीला बोलू द्या. वजन करताना तिला काट्याकडे पाठ करून उभं करायला सांगा, आकडा तिला कळायची गरज नाही.

तपासणी झाली की मला कळवा. ते पत्र छापणार नाही.